कमी खर्चाचं, कमी कचऱ्याचं लग्न : आधी बोलायचं कुणी?



मार्च महिन्यात चौथीच्या मुलांना ‘आमच्या घरचे लग्न’ हा निबंधाचा विषय दिला होता. नेहमीप्रमाणे नवरीची साडी, घोडा, जिलेबी, डीजे हे सगळं आलं. पण एका मुलाने शेवटी लिहिलं होतं : ‘लग्न झाल्यावर मी आणि दादाने पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. तीन पोती भरली. भंगारवाल्याने नव्वद रुपये दिले. बाकीच्या बाटल्या ओढ्यात गेल्या.’

मी त्या वाक्याखाली लाल पेनाने ‘छान’ असं लिहिलं आणि मग माझं मलाच कसंतरी झालं. छान काय आहे त्यात? आमचा माण तालुका. मे महिन्यात इथे पाण्याचा टँकर येतो. आणि त्याच मे महिन्यात लग्नात लोक अर्धी बाटली पिऊन अर्धी खुर्चीखाली सोडून उठतात.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला तेच उदाहरण फळ्यावर मांडलं. लग्नाला ५०० माणसं. प्रत्येकाला २०० मिलीलीटरच्या २ बाटल्या. एक बाटली ६ रुपयांना. एकूण खर्च किती? ६००० रुपये. एकूण पाणी किती? २०० लीटर. आता तेच पाणी २० लीटरच्या जारमधून आणलं तर जार किती लागतील? १०. एक जार ३० रुपयांना, म्हणजे ३०० रुपये. वर्ग एकदम गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, “बाई, जारचं पाणी सांडतं पण.” बरोबर आहे तिचं. म्हणून दुप्पट जार धरले. तरी ६०० रुपयेच झाले, आणि हजार बाटल्यांपैकी एकही ओढ्यात गेली नाही.

पर्यावरणपूरक लग्न म्हटलं की आपल्याला वाटतं, ते शहरातल्या हौशी लोकांचं काम. बियांच्या कागदाची पत्रिका, तागाच्या पिशव्या, मातीच्या कुंडीतलं रोप प्रत्येक पाहुण्याला भेट. हे सगळं विकत मिळतं आणि साध्या पत्रिकेपेक्षा, साध्या पिशवीपेक्षा महाग मिळतं. मला त्यात फारसा रस नाही. माझा अनुभव असा, की लग्नात जो कचरा होतो तो जवळजवळ सगळा पैसे देऊन आणलेला असतो. तो आणला नाही की पैसेही वाचतात. गणित इतकं सोपं आहे. अवघड आहे ते दुसरंच, आणि त्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

आधी माझ्या स्वतःच्या लग्नाचं सांगते. मे २०१३. दुष्काळाचं वर्ष होतं, ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. आमच्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या. आमच्या दोन गाई छावणीत होत्या, आण्णा (माझे वडील) रात्री तिथेच झोपायला जायचे. आणि अशा वर्षी आण्णांनी माझं लग्न हजार माणसांत केलं. घरालगतच्या रानात मांडव घातला. थर्माकोलची कमान, त्यावर थर्माकोलच्याच अक्षरांत आमची दोघांची नावं. थर्माकोलच्या ताटल्या. तेव्हा त्यांच्यावर बंदी नव्हती. पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज काढलं होतं. ते फिटायला सहा वर्षं लागली. त्यातले काही हप्ते मीच भरले, सासरी न सांगता. आज हे पहिल्यांदाच असं उघड लिहिते आहे.

लग्नानंतर ताटल्यांचा ढीग पेटवला. काळा धूर निघाला, अर्धवट जळालं, उरलेलं वाऱ्याने रानभर झालं. अजूनही त्या रानात नांगरट केली की मातीतून पांढरे मणी वर येतात. कर्ज फिटलं, थर्माकोल अजून फिटलेलं नाही.

मी आण्णांना एकदा विचारलं, “का केलंत एवढं?” ते म्हणाले, “पोरीचा बाप होतो. बैठकीत मी काय बोलणार?”

हेच ते अवघड. आपल्याकडे लग्न ठरवताना सुपारीच्या आधी बैठक होते. माणसं किती, जेवण काय, मानपान काय, कोणी कोणाला पोशाख करायचे, याची यादी होते. त्या बैठकीत मुलीचा बाप हात जोडून ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणतो. त्याने ‘साधं करू’ म्हटलं तर तो चिक्कू ठरतो, आणि त्याची मुलगी सासरी ते ऐकत बसते. म्हणजे साधेपणा सुचवण्याचा हक्क दोघांपैकी एकाच बाजूला आहे, मुलाच्या. आपण सगळे उपदेश मात्र करतो ‘वधूपित्याने कर्ज काढू नये’ म्हणून. वधूपित्याच्या हातात काय असतं? माझं स्पष्ट मत आहे, की कमी खर्चाचं आणि कमी कचऱ्याचं लग्न हवं असेल तर आधी मुलाकडच्यांनी बोलायला हवं, आणि तेही पहिल्या बैठकीत, यादी लिहायच्या आधी.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. आता आम्ही मुलाकडचे होतो. घरातून निघतानाच आम्ही भावंडांनी आण्णांना पढवून ठेवलं होतं. चहा झाल्यावर आण्णांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “आमचं असं म्हणणं आहे, साखरपुडा, हळद, लग्न एकाच दिवसात उरकू. दोन्हीकडची मिळून दोनशे माणसं. आहेर नको, पोशाख नको. खर्च निम्मा निम्मा.”

तुम्हाला वाटेल, समोरचे खूश झाले असतील. अजिबात नाही. मुलीचे वडील एकदम गप्प झाले. मुलीच्या चुलत्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही काहीतरी लपवतोय. नंतर मध्यस्थाकडून कळलं, त्यांच्यात चर्चा झाली होती की पोरात काही खोट आहे का, की हे लोक मागून रोख रक्कम मागणार आहेत? मागणारे लोक त्यांनी पाहिलेले होते, नको म्हणणारे पहिल्यांदाच भेटत होते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे, तरी ही परिस्थिती. आण्णांना दुसऱ्यांदा एकट्याने जाऊन सांगावं लागलं, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

आणि आमचीही एक मोठी चूक झाली, ती सांगायलाच हवी. आम्ही सगळं ठरवलं, पण नवरीला विचारलंच नाही. तिला हळद मैत्रिणींबरोबर, गाणी लावून, नाचून करायची होती. लहानपणापासूनची हौस. आम्ही ‘एकाच दिवसात उरकू’ म्हणून ती परस्पर कापून टाकली होती. तिने भावाला फोनवर सांगितलं, भावाने मला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्यावर लादलेला साधेपणा म्हणजे मानपानाचाच एक प्रकार झाला. मग हळद आदल्या संध्याकाळी तिच्या गावी झाली. एक स्पीकर होता, रात्री १० ला बंद केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ स्पीकरला मनाई आहेच. हळद, शेणाने सारवलेलं अंगण, दहा-बारा पोरी. ना पिवळ्या फुग्यांची कमान, ना ‘हळदी’ असं लिहिलेला फलक. फोटो तरीही सुंदर आले आहेत.

आता लग्नाचं. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. गोरज मुहूर्त मुद्दाम टाळला, कारण संध्याकाळचं लग्न म्हणजे रोषणाई, जनरेटर आणि डिझेल. मे महिन्याच्या उन्हात मांडव घालण्यापेक्षा गावातल्या देवळाचा सभामंडप घेतला. वर स्लॅब आहे, पंखे आहेत. देवस्थानला देणगी दिली, तेवढंच भाडं.

सजावट कशाची करायची यावर घरात बरीच चर्चा झाली आणि उत्तर आजीने दिलं. ती म्हणाली, “मांडवडहाळे कशाला असतात मग?” खरंच की! लग्नाच्या आदल्या दिवशी आंब्या-जांभळाचे डहाळे बैलगाडीतून वाजतगाजत आणायचे, ही आपलीच रीत. आता डहाळे नावापुरते दारात खोचतो आणि सजावटीला प्लास्टिकची फुलं भाड्याने आणतो. आमच्याकडे पंचपालवीचं देवक आहे. ज्या झाडांचं देवक, त्यांना कुऱ्हाड लावायची नाही, डहाळीसुद्धा विचारून, हात जोडून घ्यायची, असं आजी सांगते. परिसर अभ्यासाच्या तासाला मी पोरांना झाडांचं महत्त्व पाच-पाच मुद्द्यांत लिहून देते. आजीने ते एका वाक्यात सांगितलं. तर दोन केळीचे खुंट, आंब्याच्या पानांची तोरणं, आणि मागच्या भिंतीला आईच्या, आत्याच्या जुन्या काठापदराच्या साड्या लावल्या. खर्च दोऱ्याचा आणि खिळ्यांचा.

जेवणाची पंगत केली. आमटी-भात, वांग्याची भाजी, चपाती, गव्हाची खीर, मठ्ठा. पंगतीत वाढपी विचारून वाढतो, म्हणून टाकलं कमी जातं. बुफेत माणूस रांग टाळायला एकदाच ताट भरून घेतो आणि निम्मं टाकतो. भावकीतली पोरं वाढायला होती. एकदा खीर अंगावर सांडली, पण ती पाहुण्याच्या नाही, माझ्याच भाच्याच्या.

ताटांचा विषय मात्र थोडा सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेक जण फसतात. स्टीलची ताटं चांगली, पण आमच्याकडे मेमध्ये दोनशे-तीनशे ताटं धुवायला पाणी आणायचं कुठून? टँकरचं पाणी ताटं धुण्यात घालवणं हे कसलं पर्यावरण! जिथे नदी-कालव्याचं पाणी आहे त्यांनी जरूर स्टीलची ताटं वापरावीत. आम्ही पत्रावळी घेतल्या. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. पण दुकानदार ‘पर्यावरणपूरक’ म्हणून जी चकचकीत कागदी ताटली देतो, तिच्यावर बऱ्याचदा प्लास्टिकचाच पातळ थर असतो. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळीतही कधी पानांखाली प्लास्टिकचा कागद सापडतो. एक ताटली फाडून, पाण्यात भिजवून बघा. पापुद्रा निघाला तर समजा. आम्हाला काड्यांनी टाचलेल्या पळसाच्या पत्रावळी मिळवायला तीन बाजार फिरावे लागले. त्या शिवणाऱ्या बायकाच आता कमी उरल्या आहेत. आमटी गळते ही तक्रार खरी आहे, त्यासाठी द्रोण वेगळे घेतले. जेवण झाल्यावर सगळं उकिरड्यात. दिवाळीपर्यंत त्याचं खत झालं होतं. पाण्यासाठी जार, आणि पेले बचत गटाकडून भाड्याने. पेले विसळायला दोन पातेली पाणी पुरलं.

आहेर बंद केला हे मला वैयक्तिक सर्वात आवडलं. आहेराच्या साड्या नेसतं कोण? माझ्याकडे मागे एक साडी आहेरात आली. पिशवी उघडली तर आत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी! चार वर्षांपूर्वी मीच ती कुणाला तरी दिली होती. साडीने माझ्यापेक्षा जास्त लग्नं पाहिली होती. टॉवेल-टोपीचं तर विचारूच नका. कपाटात गठ्ठा पडून राहतो आणि पुढच्या लग्नात उघडतो.

अक्षतांना आमच्याकडे तांदूळ नाहीतर ज्वारी वापरतात. दहा-दहा किलो धान्य पायाखाली जातं. झेंडूच्या पाकळ्या घ्याव्यात म्हटलं, तर मे महिन्यात झेंडू परवडत नाही. म्हणून शाळेतल्या दोन मुलींना वाट्या दिल्या आणि सांगितलं, चिमूटभरच द्या. एक किलोत भागलं. नंतर झाडून गोळा करून पाखरांना घातलं.

काही गोष्टी नाही जमल्या. पत्रिका मोबाईलवर पाठवल्या तर माझे मामा रुसले. आजोळला कुंकू लावून हातात पत्रिका द्यावीच लागते, आणि मला वाटतं ते योग्यच आहे. पन्नास पत्रिका छापल्या. भावाच्या मित्रांनी आम्हाला न विचारता चौकात भलामोठा फ्लेक्स लावला, त्यावर अठरा जणांचे फोटो. त्यात नवरदेवाचा सर्वात लहान. तो फ्लेक्स आता गोठ्यावर आहे, पावसाला अडवतो. आणि माणसं दोनशे ठरली होती, आली तीनशेच्या वर. खीर संपली, भात पुन्हा टाकावा लागला. लोकांना ‘येऊ नका’ कसं म्हणायचं, हे मला अजून जमलेलं नाही, तुम्हाला जमलं असेल तर कळवा.

दोन्हीकडचा मिळून खर्च १ लाख ४० हजार झाला, दागिने आणि कपडे सोडून. निम्मे त्यांचे, निम्मे आमचे. कुणालाही पतसंस्थेत जावं लागलं नाही.

हे काही आम्ही नवीन केलं नाही. आपण वर्गात महात्मा फुले शिकवतो. २४ सप्टेंबर १८७३ ही सत्यशोधक समाजाच्या स्थापनेची तारीख पोरांना पाठ असते. पण त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, कमीत कमी खर्चात, आणि त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता, हे आपण किती जण सांगतो? फुले घराण्याचं मूळ गाव कटगुण आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यात. सावित्रीबाईंचं नायगावही याच सातारा जिल्ह्यात. कर्ज काढून लग्न करू नका, हे गाडगेबाबा गावोगाव कीर्तनातून सांगत फिरले. त्यांच्या जयंतीला आपण शाळा झाडतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाला जाऊन फेटा बांधून घेतो. मीही त्यात आले.

शिक्षक मित्रांना एक विनंती. हा विषय वर्गात घ्या, बाटल्यांचं गणित जरूर द्या, पण जपून. माझ्या वर्गात गणित झाल्यावर एक मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्या आत्याचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, त्यासाठी घरातली म्हैस विकली होती. ‘बाई म्हणतात, असं लग्न चुकीचं असतं’ हे वाक्य ती घरी घेऊन गेली असती, तर त्या घरात काय झालं असतं? मुलीच्या आजोबांनी म्हैस हौसेने विकलेली नसते. त्यामुळे फळ्यावर फक्त आकडे मांडा, कुणाच्या घराचं नाव नको. आणि पालकसभेत बोलायचं असेल तर मुलांच्या आई-वडिलांशी बोला, म्हणजे ज्यांना उद्या सुना आणायच्या आहेत त्यांच्याशी. चौथीतल्या पोराची आई आत्ता हसेल, “बाई, अजून पंधरा वर्षं आहेत.” हसू द्या.

माझ्या भावजयीला एक धाकटी बहीण आहे. तिचं स्थळ जमत आलंय, तुळशीचं लग्न झालं की बैठक. पलीकडचे लोक मोठे आहेत, बागाईतदार, माणसं हजार तरी म्हणणार. परवा भावजयीच्या वडिलांचा आण्णांना फोन आला, “व्याहीबुवा, त्या दिवशी तुम्ही येऊन बसाल का? मी काही बोलू शकणार नाही. तुम्ही तुमच्या लग्नाचं सांगा, सहज विषय निघाल्यासारखं.”

आण्णा जाणार आहेत. काल संध्याकाळी माझ्याकडून शाळेची एक कोरी वही मागून नेली. काय काय सांगायचं ते क्रमाने लिहून ठेवतायत. पहिल्या पानावर बाटल्यांचं गणित आहे.